कागदी नमुन्यावरील चिन्हे आणि कापड बेतण्याचे शास्त्र : शिवणकलेच्या अध्यापनाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

शिवणकलेच्या शिक्षणात कागदी नमुन्यावरील चिन्हे आणि कापडावरील नमुन्याची मांडणी हे दोन घटक बहुधा पाठांतराचे विषय म्हणून शिकविले जातात. ही चिन्हे सुटी सुटी नसून कापडाच्या विणीतून निर्माण झालेली एक सुसंगत भाषा आहे, आणि ती विणीच्या आधारे समजावून दिल्यास विद्यार्थी नवा नमुना व नवे कापड स्वतंत्रपणे हाताळू शकतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी चिन्हांचे वर्गीकरण, घडीचे प्रकार, एका कुर्त्याच्या मांडणीचा हिशेब आणि काठपदराच्या साडीच्या ब्लाउजचे उदाहरण यांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : कागदी नमुना, ताणा-बाणा, धाग्याची दिशा, माया, घडी, बेतणे.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील धरमतर हे आंबा नदीच्या खाडीवरील जुने बंदर होय. रस्त्यांचे जाळे विणले जाण्यापूर्वी मुंबईहून बोटीने येणारा उतारू येथे उतरून पुढे कोकणाच्या वाटेला लागत असे. आज याच खाडीच्या काठाने आणि तेथून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात पोलाद व रसायन उद्योग उभे राहिले आहेत. या मोठ्या उद्योगांच्या छायेत घरोघरी चालणारे लहान व्यवसायही आहेत. घरातील एका शिवणयंत्रावर ब्लाउज, परकर, झबली, शाळेचे गणवेश शिवून देणारी स्त्री ही या परिसरातील, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही गावातील, परिचित व्यक्ती होय.

या व्यवसायात शिवणातील चूक उसवून दुरुस्त करता येते. कापण्यातील चूक मात्र दुरुस्त होत नाही. त्यातही कापड बहुधा ग्राहकाचे असते. साडीला जोडून आलेला ब्लाउजपीस एकदा चुकीचा कापला गेला, तर त्याच रंगाचा व त्याच काठाचा दुसरा तुकडा बाजारात मिळत नाही. त्यामुळे केवळ त्या दिवसाची शिलाईच जाते असे नव्हे, तर ग्राहकाचा विश्वासही जातो. म्हणूनच कातर लावण्यापूर्वीचे काम, म्हणजे नमुना वाचणे व तो कापडावर मांडणे, हे शिवणकामातील सर्वाधिक जबाबदारीचे काम ठरते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत व्यावसायिक कौशल्यांच्या विषयांना श्रेयांक देण्यात आल्यामुळे हा विषय आता केवळ प्रशिक्षण वर्गांपुरता उरलेला नाही. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या प्राध्यापकांसमोरही कौशल्याचे अध्यापन कसे करावे हा प्रश्न उपस्थित झाला आहे. त्या दृष्टीने नमुना-वाचन हे एक उद्बोधक उदाहरण आहे.

२. उद्दिष्टे

१) कागदी नमुन्यावरील प्रमुख चिन्हांचा अर्थ त्यामागील कारणांसह स्पष्ट करणे.
२) कापडाचा पन्हा, घडी व धाग्याची दिशा यांचा मांडणीवर होणारा परिणाम उदाहरणाने दाखविणे.
३) चिन्हांचे पाठांतर व चिन्हांचे आकलन यांतील फरक अध्यापनाच्या दृष्टीने विशद करणे.

३. 'बेतणे' आणि नमुन्याचा पूर्वेतिहास

मराठीत शिंपी कापड नुसते कापत नाही, तो ते 'बेततो'. 'बेत' म्हणजे योजना आणि 'बेताने' म्हणजे मर्यादा सांभाळून. योजना, मापन आणि काटकसर या तीन कल्पना या एका शब्दकुळात सामावलेल्या आहेत. कापण्यापूर्वी विचार करावा लागतो हे भाषेने फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. संत नामदेवांचे कुळ शिंप्याचे. गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या एका पदात गज, कातर, सुई व धागा ही अवजारे भक्तीची रूपके होऊन येतात आणि त्यांत मापून कापण्याच्या क्रियेला महत्त्वाचे स्थान मिळते, ही बाब येथे लक्षणीय आहे.

परंपरागत भारतीय पोशाखांत कागदी नमुन्याची गरज अल्प होती. बंडी, झबले, कुंची, अंगरखा यांचे भाग मुख्यतः आयत व त्रिकोण यांचे असत. आयताकृती तुकडा कर्णरेषेच्या दिशेने तिरपा कापला की दोन कळ्या मिळत आणि कापड वाया जात नसे. बगलेतील चौकोनी चौबगळा हाही उरलेल्या तुकड्यातूनच निघे. एवढे करूनही ज्या चिंध्या उरत, त्या गोधडीत किंवा वाकळेत जात. अशा पद्धतीत माप हाच नमुना होता.

अंगासरशी बसणाऱ्या, गोलाकार मुंढा व आकारदार बाही असलेल्या कपड्यांमुळे ही स्थिती बदलली. वक्ररेषा दरवेळी नव्याने आखणे अवघड असल्याने कागदी साच्याची आवश्यकता निर्माण झाली. अमेरिकेतील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस आणले. त्या काळच्या नमुन्यांवर छापील मजकूर नसे. पातळ कागदाला पाडलेली लहान-मोठी छिद्रे आणि कडेच्या खाचा यांवरून शिवणाऱ्याने अर्थ लावावयाचा असे. छापील रेषा व सूचना असलेले नमुने १९२० च्या सुमारास प्रचारात आले. जर्मनीत एने बुर्डा यांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मासिकाने एकाच मोठ्या कागदावर अनेक कपड्यांचे नमुने एकमेकांवर छापण्याची पद्धत घरोघरी नेली. छिद्रांकडून रेषांकडे झालेल्या या प्रवासातूनच आजची चिन्हे स्थिर झाली.

महाराष्ट्रात मात्र तयार नमुन्यापेक्षा आरेखनाची परंपरा अधिक रुजली. ग्राहकाची मापे घेऊन, छातीच्या मापाचे ठरावीक भाग करून, कागदावर किंवा थेट कापडावर आकृती काढणे ही ती पद्धत होय. के. आर. झारापकर यांचे 'झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग' हे पुस्तक या परंपरेतील सर्वपरिचित पाठ्यग्रंथ होय. श्रमिक विद्यापीठाची पहिली संस्था १९६७ मध्ये मुंबईत स्थापन झाली. या संस्थांनाच २००० मध्ये 'जन शिक्षण संस्थान' हे नाव मिळाले. अशा संस्था आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या द्वारे शिवणकाम ग्रामीण भागापर्यंत पोहोचले. तथापि आरेखन शिकलेल्या विद्यार्थिनीसमोर जेव्हा परदेशी पद्धतीचा छापील नमुना येतो, तेव्हा त्यावरील इंग्रजी अक्षरे व खुणा तिला परक्या वाटतात. वस्तुतः या खुणांमागील तत्त्वे तिच्या परिचयाचीच असतात.

४. चिन्हांचा आधार : कापडाची वीण

पेणच्या मूर्तिशाळांत साच्यातून गणेशमूर्ती घडविल्या जातात हे सर्वश्रुत आहे. कागदी नमुना हाही एका अर्थी साचाच होय. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद आहे. साच्यात घातलेल्या शाडूला दिशा नसते. गोळा कोणत्याही बाजूने दाबला तरी मूर्ती तीच येते. कापडाला मात्र दिशा असते. एकच नमुना कापडावर उभा, आडवा किंवा तिरपा ठेवून कापल्यास आकार तोच राहतो, पण कपडा तोच राहत नाही. नमुन्यावरील बहुतेक चिन्हे या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात.

मागावर ताणून बसविलेल्या उभ्या धाग्यांना ताणा व त्यांतून आडव्या जाणाऱ्या धाग्याला बाणा म्हणतात. बाणा ज्या ठिकाणी वळून परत फिरतो तेथे काठ तयार होतो. म्हणून ताणा नेहमी काठाला समांतर असतो. विणताना ताण्यावर सतत ताण असल्याने तो सामान्यतः अधिक मजबूत व कमी ताणला जाणारा असतो. हा ताण धुण्यात सुटतो, त्यामुळे बहुतेक सुती कापडे लांबीकडून अधिक आटतात. बाण्याच्या दिशेने कापड किंचित अधिक ताणले जाते. काठाशी ४५ अंशांच्या कोनात, म्हणजे उरेब दिशेने, ते सर्वाधिक ताणले जाते. कारण त्या दिशेने एकही धागा थेट ओढ घेत नाही, केवळ विणीचे चौकोन कलंडतात.

या तीन दिशांचे उपयोग शिंप्याला अनुभवाने ठाऊक असतात. कपडा अंगावर सरळ लोंबावा म्हणून त्याची लांबी ताण्याच्या दिशेने ठेवतात. गळ्याच्या गोलाईला लावावयाची पट्टी उरेब कापतात, कारण ती वळणावर चुणी न पडता बसते. पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात संपूर्ण पोशाख उरेब दिशेने कापून या गुणधर्माचे कलेत रूपांतर केले. मात्र हेतुपुरस्सर साधलेला तिरपेपणा आणि निष्काळजीपणे आलेला तिरपेपणा यांत महदंतर आहे.

५. चिन्हांचे वर्गीकरण

नमुन्यावरील चिन्हे पाठ करण्याऐवजी ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात हे पाहिल्यास त्यांचे चार गट पडतात.

(अ) 'कोणत्या दिशेने ठेवावे?' या प्रश्नाची चिन्हे. दोन्ही टोकांना बाण असलेली सरळ रेषा ही धाग्याची दिशा दाखविते. ही रेषा काठाला समांतर असली पाहिजे. ती डोळ्यांनी ठरवू नये. रेषेच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचे अंतर टेपने मोजावे व ते समान येईपर्यंत नमुना सरकवावा. वीस इंच लांबीच्या रेषेत एका टोकाला एक इंचाचा फरक राहिला, तर नमुना सुमारे तीन अंशांनी कलतो. कापताना तो फरक जाणवत नाही. परंतु दोनचार धुण्यांनंतर बाजूची शिवण पोटाकडे वळू लागते. रेषेला एकाच टोकाला बाण असल्यास सर्व भागांचे वरचे टोक एकाच दिशेला ठेवावयाचे असते. मखमलीसारखे लव असलेले कापड किंवा एकाच दिशेने उभी असलेली फुलांची छपाई यांसाठी ही सूचना असते. काटकोनात वळलेले दोन बाण रेषेच्या टोकांना असतील, तर ती कडा कापडाच्या घडीवर ठेवावयाची आहे असा अर्थ होतो. ती कडा कापावयाची नसते. घडीवरील कडा कापली गेल्यास अखंड भागाचे दोन तुकडे होतात, व नवशिक्यांच्या हातून घडणारी ही नेहमीची चूक होय.

(आ) 'कोठे कापावे व कोठे शिवावे?' या प्रश्नाची चिन्हे. अखंड जाड रेषा ही कापण्याची व तुटक रेषा ही शिवण्याची होय. या दोहोंतील अंतर म्हणजे माया. अनेक मापांच्या नमुन्यात प्रत्येक मापासाठी वेगळ्या प्रकारची तुटक रेषा असते व शिवणरेषा बहुधा दाखविलेली नसते. अशा वेळी रेषांची सूची आधी वाचणे आवश्यक ठरते. माया नमुन्यात धरलेली आहे किंवा नाही, हा प्रश्न सर्वप्रथम विचारावयास हवा. अमेरिकी घरगुती नमुन्यांत बहुधा ५/८ इंच, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर, माया धरलेली असते. बुर्डा मासिकाच्या तक्त्यांत ती धरलेली नसते. आपल्याकडे बाजूच्या शिवणीला एक इंच किंवा त्याहून अधिक माया ठेवण्याची रीत आहे. पुढे अंग भरले तर तोच ब्लाउज उसवून सैल करता यावा हा त्यामागील विचार होय. तेव्हा परदेशी नमुना वापरताना बाजूची माया वाढवून घेणे हे आपल्या गरजेला धरूनच आहे.

(इ) 'काय कशाला जुळवावे?' या प्रश्नाची चिन्हे. कडेवरील लहान त्रिकोण किंवा खाचा या जुळणीच्या खुणा होत. प्रचलित संकेतानुसार बाहीच्या व मुंढ्याच्या पुढील बाजूस एक खाच व मागील बाजूस दोन खाचा असतात. बाहीचा पुढील भाग मागील भागापेक्षा अधिक खोल कापलेला असल्याने ही खूण नसेल तर बाही उलटी जोडली जाते आणि हात पुढे घेताना पाठीवर ओढ बसते. वर्तुळे व ठिपके हे शिवण कोठे सुरू करावी, कोठे थांबवावी किंवा चुण्या कोठून कोठपर्यंत घालाव्यात हे सांगतात. इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या रेषा म्हणजे टक. त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर आणून टोकाकडे निमुळती शिवण घालावयाची असते. बटणाची जागा फुलीने व काजाची जागा लहान आडव्या रेषेने दाखवितात.

(ई) 'किती व कसे बदलावे?' या प्रश्नाची चिन्हे. जवळजवळ असलेल्या दोन समांतर रेषा म्हणजे नमुन्याची लांबी कमी-अधिक करण्याची जागा होय. उंची कमी करावयाची म्हणून खालची कडा कापून टाकल्यास घेराचा आकार बिघडतो. या रेषेवर कागदाची घडी घातल्यास तो टिकतो. याशिवाय प्रत्येक भागावर त्याचे नाव, माप व किती तुकडे कापावयाचे हे लिहिलेले असते. 'सी.एफ.' म्हणजे पुढील मध्यरेषा व 'सी.बी.' म्हणजे मागील मध्यरेषा.

या चारही गटांतील चिन्हांचा उपयोग एकाच कामासाठी होतो. सपाट कापडाला देहाचा आकार देताना जी माहिती हरवण्याची शक्यता असते, ती कागदावर धरून ठेवणे हे ते काम होय.

६. मांडणी : घडी, पन्हा आणि हिशेब

मांडणीपूर्वी कापड पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. अन्यथा शिवल्यानंतर आटण्याचा धोका राहतो. नंतर बाण्याचा एक धागा ओढून किंवा गुण्या लावून कापडाचे टोक काठाशी काटकोनात सरळ करावे. घडी घालताना कापडाची सुलट बाजू आत ठेवल्यास उलट बाजूवर खडूने खुणा करता येतात.

घडीचे प्रमुख प्रकार पाच आहेत. काठाला काठ मिळवून घातलेली उभी घडी. टोकाला टोक मिळवून घातलेली आडवी घडी. एकच काठ आवश्यक तेवढा आत वळवून घातलेली अर्धवट घडी. दोन्ही काठ मध्याकडे वळवून घातलेली दुहेरी घडी. आणि घडी न घालता एकेरी पसरलेले कापड. आडव्या घडीत एक थर उलट दिशेचा होत असल्याने लव असलेल्या किंवा एकदिश छपाईच्या कापडाला ती चालत नाही. यांपैकी उभी घडी ही सवयीने घातली जाते. परंतु सवय आणि काटकसर या नेहमीच एकत्र नांदत नाहीत. पुढील उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

एका साध्या कुर्त्यासाठी छाती ३६ इंच व सैलपणा ४ इंच धरला आहे. घेराकडे रुंदी वाढत असल्याने माया धरून पुढील भागाची घडीवरील कमाल रुंदी १३ इंच, म्हणजे उघडल्यावर २६ इंच होते. खांदा व खालची दुमड धरून लांबी ४२ इंच आहे. मागील भाग याच मापाचा आहे. बाही उघडल्यावर १८ इंच रुंद व २० इंच लांब असून अशा दोन बाह्या आहेत. धाग्याची दिशा सर्व भागांच्या लांबीशी समांतर आहे.

तक्ता क्र. १ : पन्हा व घडीनुसार लागणारे कापड

| पन्हा | घडी | लागणारी लांबी | कापडाचा उपयोग |
|---|---|---|---|
| ३६ इंच | उभी | १०४ इंच (सुमारे २.६४ मीटर) | सुमारे ७८ टक्के |
| ४४ इंच | उभी | १०४ इंच (सुमारे २.६४ मीटर) | सुमारे ६३ टक्के |
| ४४ इंच | अर्धवट | ८४ इंच (सुमारे २.१३ मीटर) | सुमारे ७९ टक्के |
| ५८ इंच | दुहेरी | ६२ इंच (सुमारे १.५७ मीटर) | सुमारे ८१ टक्के |

(प्रत्येक भाग त्याला सामावणाऱ्या आयताएवढा धरून उपयोगाचे प्रमाण काढले आहे.)

या तक्त्यातील दुसरी व तिसरी ओळ विशेष विचारार्ह आहे. ४४ इंच पन्ह्याच्या कापडाची उभी घडी घातल्यास थराची रुंदी २२ इंच होते. त्यातून १३ इंचांचा भाग गेल्यावर काठाकडे ९ इंचांच्या दोन सुट्या पट्ट्या उरतात. बाहीला अखंड १८ इंच हवे असल्याने या पट्ट्या निरुपयोगी ठरतात व बाह्यांसाठी आणखी २० इंच लांबी घ्यावी लागते. तेच कापड केवळ १३ इंच आत वळवून अर्धवट घडी घातली, तर शेजारी १८ इंचांची एकेरी अखंड पट्टी उरते. पुढील भागाच्या ४२ इंच लांबीत दोन्ही बाह्या एकाखाली एक बसतात. मागील भागाशेजारची पट्टी गळ्याच्या आतील पट्टीला व खिशाला उपयोगी पडते. नमुना तोच, कापड तेच, धाग्याची दिशाही तीच. घडी बदलल्याने २० इंच, म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक, कापड वाचते.

या बचतीची एक अट आहे. बाह्या एकेरी थरावर कापल्या जात असल्याने दुसरी बाही मांडताना नमुना उलटा करून ठेवावा लागतो. तसे न केल्यास दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. घडीवरील दुहेरी थरात डावा-उजवा ही जोडी आपोआप मिळते. एकेरी थरात ती विचाराने मिळवावी लागते.

मांडणीचे सर्वसाधारण नियम यावरून सहज सुचतात. मोठे भाग आधी व लहान भाग नंतर मांडावेत. लव किंवा दिशा नसलेल्या कापडात एका भागाचे रुंद टोक दुसऱ्याच्या निमुळत्या टोकाशेजारी ठेवावे. सर्व भाग मांडून, मोजून व टाचून झाल्याशिवाय पहिली कातर लावू नये. कापताना कापड उचलू नये. कातरीचे खालचे पाते टेबलावरून सरकत ठेवावे. टक व ठिपके यांच्या खुणा नमुना काढण्यापूर्वीच खडूने किंवा दातेरी चाकाने कापडावर उतरवून घ्याव्यात. तयार कपड्यांच्या कारखान्यांत हीच मांडणी आता संगणकावर केली जाते, कारण एका थरावरील बचत तेथे एकावर एक रचलेल्या अनेक थरांनी गुणली जाते. घरगुती शिवणकामात हा गुणाकार वर्षभराच्या ग्राहकांनी होतो.

७. नियम आणि अपवाद : काठपदराचा ब्लाउज

महाराष्ट्रीय शिवणकामात धाग्याच्या दिशेचा नियम जाणीवपूर्वक मोडला जातो असे एक नित्याचे उदाहरण आहे. काठपदराच्या साडीच्या ब्लाउजला बाहीच्या कडेवर काठ आलेला आवडतो. काठ हा ताण्याला समांतर असतो. त्यामुळे बाहीची खालची कडा काठावर ठेवल्यास बाहीची लांबी बाण्याच्या दिशेने येते आणि नमुन्यावरील बाण काठाला समांतर न राहता काटकोनात येतो.

नमुन्याचे नियम केवळ पाठ केलेल्या विद्यार्थिनीला ही चूक वाटेल; वीण समजलेल्या विद्यार्थिनीला ती चूक वाटणार नाही. कारण ताणा व बाणा हे दोन्ही सरळ धागे आहेत. आखूड बाहीवर ओढ कमी पडते, त्यामुळे दिशा ९० अंशांनी बदलली तरी आकार टिकतो. तीच बाही १० किंवा १५ अंशांनी कलली असती तर मात्र ती पिळवटली असती. नियमाचा आशय 'काठाला समांतर' एवढाच नसून 'धाग्याशी सरळ' असा आहे, हे या अपवादावरून लक्षात येते.

याच उदाहरणात हिशेबही येतो. ब्लाउजपीस ८० सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे ३१.५ इंचांचा असेल आणि बाहीची रुंदी मायेसह १४ इंच असेल, तर दोन बाह्यांना २८ इंच लागतात व एकाच काठावर दोन्ही बसतात. बाहीची रुंदी १६ इंच असेल, तर ३२ इंच लागतील आणि अर्ध्या इंचासाठी मांडणी अडेल. मग एक बाही एका काठावरून व दुसरी समोरच्या काठावरून घ्यावी लागते. दोन्ही काठ सारखे असल्यास अडचण नाही. गंगा-जमुना काठ असेल, म्हणजे दोन्ही काठांचे रंग भिन्न असतील, तर दोन बाह्या दोन रंगांच्या होतील. ही गोष्ट ग्राहकाला कापण्यापूर्वी सांगितली तर तिची निवड असते. कापल्यानंतर सांगितली तर तक्रार होते. मापे घेतानाच हा हिशेब मनात करता येणे यालाच कापड बेतणे म्हणावयाचे.

८. अध्यापनविषयक विचार

वरील विवेचनावरून अध्यापनासंबंधी काही मुद्दे पुढे येतात. पहिला मुद्दा क्रमाचा आहे. चिन्हांचा तक्ता आधी व कापड नंतर, हा प्रचलित क्रम उलटा करणे इष्ट ठरेल. चौकोनी रुमाल उभा, आडवा व कोपऱ्याकोपऱ्याने ओढून पाहिल्यावर बाणाच्या रेषेचा अर्थ सांगावा लागत नाही. दुसरा मुद्दा साधनांचा आहे. प्रमाणात लहान केलेले कागदी भाग, उदाहरणार्थ एक इंचाला एक चौथाई इंच, आणि ३६, ४४ व ५८ इंच पन्ह्याच्या त्याच प्रमाणातील कागदी पट्ट्या दिल्यास कापड खर्च न करता घडीचे सर्व प्रकार वर्गात करून पाहता येतात. तक्ता क्र. १ मधील हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा. तो तयार देऊ नये. गणिताच्या व अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनाही क्षेत्रफळ, प्रमाण व पर्यायी खर्च या संकल्पनांसाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

तिसरा मुद्दा भाषेचा आहे. ताणा, बाणा, काठ, माया, मुंढा, टक, काज, कळी, उरेब हे शब्द शिवणाऱ्या स्त्रियांच्या तोंडी आहेत. इंग्रजी चिन्हसूची शिकविताना या शब्दांना बाजूला सारल्यास विद्यार्थिनीला आपले पूर्वज्ञान निरुपयोगी वाटते. त्यांच्याशी सांगड घातल्यास तेच ज्ञान नव्या नमुन्याची किल्ली ठरते. छापील नमुना वाचता आला की देशोदेशीचे नमुने तिला खुले होतात आणि एकाच गुरूने शिकविलेल्या चारसहा आकृत्यांवरचे तिचे अवलंबन संपते.

विनोबा भावे यांचा जन्म १८९५ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. कातणे व विणणे यांना त्यांनी शिक्षणाचे साधन मानले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीम योजनेतही हस्तोद्योगाला ज्ञानाचे माध्यम मानले होते. उद्योगामागील कारणमीमांसा शिकविली तरच उद्योगातून शिक्षण घडते, हा त्या विचाराचा गाभा होय. कौशल्य विषयांना श्रेयांक मिळत असताना तो विस्मरणात जाणे योग्य ठरणार नाही.

९. निष्कर्ष

१) नमुन्यावरील चिन्हे ही दिशा, कापणी, जुळणी व बदल या चार प्रश्नांची उत्तरे असून त्यांचा मूलाधार कापडाची वीण हा आहे.
२) कापडाची बचत नमुन्याइतकीच घडीच्या निवडीवर अवलंबून असते. ४४ इंच पन्ह्याच्या उदाहरणात केवळ घडी बदलल्याने २० इंच कापड वाचते.
३) धाग्याच्या दिशेचा नियम कारणासह समजल्यास काठपदराच्या ब्लाउजसारखा अपवादही सुरक्षितपणे हाताळता येतो.
४) मराठीतील प्रचलित शिवणसंज्ञांचा आधार घेतल्यास छापील नमुना वाचण्याचे कौशल्य ग्रामीण विद्यार्थिनींना अधिक सुलभ होईल.

१०. समारोप

शिवणकामाकडे हाताचे काम म्हणून पाहण्याची सवय शिक्षणक्षेत्राला जडलेली आहे. प्रत्यक्षात कातर चालण्यापूर्वी भूमिती, मापन, द्रव्यगुणांचे ज्ञान आणि दुसऱ्याच्या वस्तूविषयीची जबाबदारी या सर्वांची कसोटी लागून गेलेली असते. धरमतरच्या खाडीकाठी एखाद्या घरात शिवणयंत्रापुढे बसलेली स्त्री ग्राहकाचा ब्लाउजपीस उलगडून, काठ न्याहाळून, क्षणभर थांबते. त्या थांबण्यात तिचे सारे शिक्षण एकवटलेले असते. ते थांबणे अनुमानावर नव्हे तर आकलनावर आधारलेले असावे, एवढी अपेक्षा कौशल्य-शिक्षणाने पूर्ण करावयास हवी.